उकळण्याच्या आलेखात घड्याळ कुठे आहे?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला 'हीट ट्रान्सफर' शिकलेल्या कुणालाही विचारा, एक आकृती तो डोळे मिटून काढून दाखवेल. आडव्या अक्षावर, तापलेला पृष्ठभाग पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा किती अंश गरम आहे ते. उभ्या अक्षावर, दर चौरस मीटरमधून दर सेकंदाला किती उष्णता पाण्यात जाते ते. रेघ डोंगरासारखी चढते, शिखर गाठते, दरीत उतरते आणि पुन्हा हळूहळू चढायला लागते. हिचं नाव 'बॉइलिंग कर्व्ह', म्हणजे उत्कलन-वक्र. परीक्षेला हमखास येणारी, पाच-सहा मार्क देऊन जाणारी आकृती.

आज मी या आकृतीवर टीका करणार आहे. ती चुकीची आहे असं माझं म्हणणं नाही. माझी तक्रार एवढीच की तिच्यात वेळ नाही, आणि वेळ नसलेली ही आकृती आपण अशा ठिकाणी वापरतो जिथे सगळा खेळ वेळेचाच असतो. तापलेलं पोलाद पाण्यात बुडवणं घ्या, नाहीतर अणुभट्टीतलं तापलेलं इंधन पुन्हा पाण्याखाली आणणं. माझं संशोधन याच विषयात आहे, त्यामुळे जरा सविस्तर बोलतो.

आधी तवा

फिल्म बॉइलिंग म्हणजे काय हे तुम्ही रोज स्वयंपाकघरात बघता. थालीपीठ टाकण्याआधी तवा तापला का बघायला पाण्याचा थेंब शिंपडतो. तवा बेताचा तापलेला असेल तर थेंब चर्रर्र करून लगेच उडून जातो. तवा फारच तापला असेल तर मात्र थेंब गोटीसारखा गोल होऊन इकडून तिकडे पळत सुटतो आणि कितीतरी वेळ टिकतो. जास्त तापलेल्या तव्यावर पाणी जास्त वेळ टिकतं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटंच वाटतं. कारण सोपं आहे. थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होतो, थेंब त्या थरावर तरंगतो आणि धातूला शिवतच नाही. वाफेतून उष्णता फार सावकाश जाते.

आता थेंब आणि तवा यांची अदलाबदल करा. तापलेला लोखंडी गोळा पाण्यात बुडवा. आता वाफेचं पटल गोळ्याभोवती गुंडाळलं जातं. पाण्यात बुडालेला असूनही गोळा कोरडाच असतो. हेच पटल-उत्कलन, फिल्म बॉइलिंग. वक्रावर दरीच्या उजवीकडे जी चढण आहे, ती याची. डावीकडच्या डोंगरावर पाणी पृष्ठभागाला भिडलेलं असतं आणि बुडबुडे उठत असतात. तिथे उष्णता धबाधब जाते.

घड्याळ होतं, मग गेलं

गंमत अशी की या विषयाची सुरुवातच घड्याळाने झाली. जर्मनीतल्या डुइसबुर्गचे प्राध्यापक योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये पाण्याच्या गुणधर्मांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तापवून लाल केलेल्या लोखंडी पळीत पाण्याचा थेंब टाकून तो किती वेळ टिकतो हे त्यांनी लंबकाच्या मदतीने मोजलं. पळी जास्त तापलेली असताना थेंब जास्त टिकतो आणि ती निवत गेली की पुढचे थेंब लवकर उडतात, हे त्यांनी नोंदवलं. त्यांच्याकडे पृष्ठभागाचं तापमान अचूक मोजायचं साधन नव्हतं. होता तो वेळ.

मग १९३४ साली जपानमध्ये शिरो नुकियामा यांनी आज आपण शिकतो त्या वक्राचा पाया घातला. पाण्यात बारीक तार बुडवायची, तिच्यातून वीज सोडायची. विजेवरून उष्णता कळते, तारेच्या विद्युतरोधावरून तिचं तापमान कळतं. किती नेटकी कल्पना! वीज वाढवत नेली की एका मर्यादेनंतर तारेचं तापमान एकदम उडी मारायचं आणि नायक्रोमची तार वितळून तुटायची. जास्त तापमानाला टिकणारी प्लॅटिनमची तार वापरल्यावर पलीकडचं पटल-उत्कलन दिसलं. वीज कमी करत परत येताना मात्र तार त्याच वाटेने परतत नव्हती. खूप खाली आल्यावर मगच ती पुन्हा डोंगराच्या बाजूला उडी मारायची. मधला उताराचा भाग असणार, असं नुकियामांनी तर्काने मांडलं.

इथे एक बारकावा बघा. दर वेळी वीज ठरवून, सगळं स्थिर होऊ देऊन, मग आकडा टिपायचा, अशी ही पद्धत. म्हणजे वेळ मुद्दाम बाहेर काढलेला आहे. नुकियामांसाठी ते बरोबरच होतं. बॉयलरच्या नळ्या तासन्‌तास एकाच अवस्थेत चालतात, त्यांना स्थिर वक्रच हवा. शिवाय जाण्याची वाट आणि येण्याची वाट वेगळी आहे, हेही त्या प्रयोगात दिसलेलं होतं. पुढे पाठ्यपुस्तकांत हा धडा एका परिच्छेदापुरता उरला आणि परीक्षेत तर फक्त रेघ उरली.

वक्र कुठे खरा ठरतो

टीका करायची तर आधी देणं देऊन टाकू. एक हिशेब करू या, कागद-पेन्सिल घेतलीत तर बरं.

२५ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा ८०० अंश सेल्सिअसला तापवून उकळत्या पाण्यात सोडला. पटल-उत्कलनात उष्णता-संक्रमण गुणांक साधारण २५० वॉट दर चौरस मीटर दर अंश धरू. वाफेच्या पटलाची जाडी मग मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास येते. पोलादाची घनता ७८०० आणि विशिष्ट उष्मा ६०० धरला, तर गोळ्याला ८०० वरून ३५० अंशांवर यायला सुमारे ८० सेकंद लागतात.

याउलट पटलातली वाफ गोळ्याच्या तळापासून माथ्यापर्यंत चढायला सेकंदाचा अगदी छोटा भाग पुरतो. म्हणजे गोळा ज्या संथपणे निवतो त्याच्या तुलनेत पटल फार चपळ आहे. गोळ्याचं तापमान जे असेल त्याला साजेशी जाडी ते लगेच धारण करतं. म्हणून या ८० सेकंदांत ब्रॉमली यांचं १९५० चं किंवा बेरेन्सन यांचं १९६१ चं स्थिर अवस्थेचं सूत्र त्या त्या आकारासाठी वापरलं तर बिघडत नाही. वेळेनुसार उष्णता कमी होत जाते, पण ती वक्रावरूनच सरकत सरकत. ८०० अंशांना दर चौरस मीटरमागे १७५ किलोवॉट, ३५० ला येईपर्यंत साठ-पासष्ट.

आणि मग पटल फुटतं. पाणी धातूला भिडतं आणि उष्णतेचा प्रवाह दर चौरस मीटरमागे एक मेगावॉटच्या घरात जातो, म्हणजे पंधरापट. पुढचे २०० अंश उतरायला पाच-सात सेकंद पुरतात. ८० सेकंद शांतता आणि मग पाच-सात सेकंद धुमाकूळ. गोळा कडक होणार, तडकणार की वाकणार याचा निकाल पटल कधी फुटतं यावर ठरतो. आणि नेमकं इथेच वक्र आपल्याला दगा देतो.

पहिली तक्रार: दरीचा तळ एका आकड्यावर नाही

इन्क्रोपेरा आणि डीविट यांच्या पुस्तकात, जे आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत वाचलं जातं, साध्या वातावरणीय दाबाखालच्या पाण्यासाठी शिखर सुमारे ३० अंशांच्या फरकावर आणि दरीचा तळ, म्हणजे लायडेनफ्रॉस्ट बिंदू, १२० अंशांच्या फरकावर दाखवलेला आहे. म्हणजे पृष्ठभाग २२० अंशांवर आला की पटल फुटणार. विद्यार्थी हा आकडा पाण्याचा गुणधर्म असल्यासारखा पाठ करतो.

पण पटल फुटण्यात धातूचाही हात असतो. समजा, पटल हललं आणि पाणी क्षणभर पृष्ठभागाला टेकलं. टेकलेल्या जागी तापमान किती? ते ना धातूचं, ना पाण्याचं, मधलं काहीतरी. कुणाकडे जास्त झुकणार हे प्रत्येकाच्या वाहकता, घनता आणि विशिष्ट उष्मा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरतं. साध्या दाबाखाली पाणी साधारण ३०० अंशांपलीकडे द्रवरूपात राहू शकत नाही. तेव्हा टेकलेल्या जागी ३०० च्या वर तापमान गेलं तर पाण्याची तिथल्या तिथे वाफ होऊन ते मागे ढकललं जाणार; खाली राहिलं तर ते चिकटणार.

या ढोबळ हिशेबाने १०० अंशांचं पाणी चिकटायला तांबं ३१० अंशांच्या आसपास यावं लागतं, स्टेनलेस स्टील ३४० च्या आसपास, आणि काच? काच ५२० अंशांवर असतानाच पाणी तिला चिकटू शकतं, कारण टेकलेल्या जागी काच चटकन निवते आणि आतून उष्णता पुरवू शकत नाही. आपल्या कराडजवळच्या ओगलेवाडीने एके काळी 'प्रभाकर' कंदील घराघरांत पोचवले. त्या कंदिलाची काच आणि तांब्याचा बंब यांच्यासाठी दरीचा तळ एकच कसा असेल?

हा हिशेब काही अंतिम नाही. पाणी किती गार, पृष्ठभाग किती खडबडीत, त्यावर किती गंज किंवा खवले, यांनी हा आकडा शेकडो अंशांनी हलतो. पण त्यातून एक कामाची गोष्ट कळते. तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा थर चढतो, तो उष्णतेचा मंद वाहक असतो. त्यामुळे थर चढलेल्या तुकड्यावरचं पटल लवकर फुटू शकतं. उष्णतारोधक लेप दिल्यावर वस्तू लवकर निवते, हे ऐकायला विचित्र आहे, पण पटल-उत्कलनात ते खरोखर घडतं. म्हणजे तोच तुकडा दुसऱ्यांदा तापवून बुडवला तर तो पहिल्यासारखा वागेलच असं नाही. पृष्ठभागाला इतिहास असतो आणि वक्राला तो माहीत नसतो.

दुसरी तक्रार: पृष्ठभाग एकाच अवस्थेत नसतो

वक्रावरचा प्रत्येक बिंदू गृहीत धरतो की सगळा पृष्ठभाग एका तापमानावर, एकाच प्रकारच्या उत्कलनात आहे. उभा दांडा पाण्यात बुडवला तर तसं होत नाही. पटल बहुतेक वेळा खालच्या कडेला आधी फुटतं, कारण कड लवकर निवते. तिथून ओली सीमा वर सरकू लागते. खाली बुडबुडे, वर अजून वाफेचं पटल, आणि मध्ये एक अरुंद पट्टा जिथे उष्णतेचा प्रवाह सर्वांत जास्त. धातूतूनही वरून खाली उष्णता वाहते, म्हणजे सीमा आपल्या पुढची जागा आधीच निववत जाते. म्युनिकचे टेन्सी यांनी या ओल्या सीमेच्या चालीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि कडकपणा ठरवण्यात तिचा वाटा किती मोठा आहे हे दाखवलं.

अशा वेळी 'गुणांक किती?' हा प्रश्नच अपुरा आहे. कुठे आणि केव्हा, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. पूर्ण पृष्ठभागाची सरासरी काढली तर हाती येणारा आकडा ना पटलाचा, ना बुडबुड्यांचा.

तिसरी तक्रार: आपण मोजतो भलतीकडे

शमन-तेलं तपासायला आयएसओ ९९५० नावाचं मानक आहे. १२.५ मिलिमीटर व्यासाची, ६० मिलिमीटर लांबीची इन्कोनेल ६०० ची कांडी, तिच्या मध्यभागी थर्मोकपल. ८५० अंशांना तापवायची, तेलात बुडवायची, मधलं तापमान टिपायचं. दोन तेलांची तुलना करायला ही कसोटी उत्तम. अडचण येते ती याच आलेखावरून पृष्ठभागावरचा गुणांक काढायला निघाल्यावर.

पटल टिकून असतं तोवर बाहेर आणि मध्यभागी जवळजवळ सारखंच तापमान असतं, तेव्हा चालतं. पटल फुटलं की बाहेर हाहाकार आणि मध्यभागी मात्र अजून शांतता. इन्कोनेल मंद वाहक असल्याने ही बातमी मध्यभागी पोचायला सेकंदाच्या आसपास वेळ जातो आणि पोचते तेव्हा तिची धार बोथट झालेली असते.

कराडकरांना हे समजावून सांगायला नको. कोयनेच्या धरणाचे दरवाजे उचलले की प्रीतिसंगमावर पाणी काही तासांनी चढतं, आणि तेही सावकाश. आता फक्त संगमावरची पातळी बघून कुठला दरवाजा किती वाजता किती फूट उचलला, हे सांगा म्हटलं तर? ढोबळ अंदाज येईल, पण तपशील वाटेतच विरघळलेला असतो. गणिताने तो परत काढायचा प्रयत्न करता येतो, त्याला व्यस्त पद्धत म्हणतात. मात्र त्यात मोजमापातली बारीकशी थरथरही फुगून मोठी होते. अशा गणितातून आलेला सुबक वक्र समोर ठेवला गेला की मी पहिल्यांदा दोन गोष्टी बघतो: थर्मोकपल पृष्ठभागापासून किती आत होतं आणि सेकंदाला किती नोंदी घेतल्या होत्या. पटल फुटण्याची घटना टिपायची तर दोन्ही सांगायलाच हवं.

यातून कुणाचं काय जातं?

आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. सह्याद्री आणि कृष्णा कारखान्यांचे बॉयलर पेटले की ऊसतोडीचा कोयता हे हजारो माणसांच्या हातातलं रोजीरोटीचं साधन असतं. त्या कोयत्याला लोहार 'पाणी देतो'. शब्द किती नेमका आहे बघा! ०.८ टक्के कार्बनच्या साध्या पोलादाला कडक व्हायचं तर साधारण ५५० अंशांची पायरी सेकंदभरात ओलांडावी लागते. रेंगाळलं तर ते मऊ राहतं.

३ मिलिमीटर जाडीचं पातं उकळत्या पाण्यात, २५० च्याच गुणांकाने, ८०० वरून ५५० ला यायला सुमारे १२ सेकंद घेतं. म्हणजे पटल तसंच राहिलं तर धार बसणारच नाही. गार पाण्यात पटल पातळ राहतं आणि लवकर फुटतं, कारण गार पाणी वाफेच्या कडेची उष्णता शोषून घेतं. लोहार पातं पाण्यात नुसतं धरून न ठेवता हलवतो, त्यानेही पटल फाटायला मदत होते. मिठाच्या पाण्याचाही उपयोग याचसाठी.

आता २० लिटरच्या बादलीत अर्ध्या किलोचे कोयते पूर्ण तापवून एकामागून एक बुडवले तर प्रत्येकामागे पाणी अडीच-तीन अंशांनी तापतं. वीस कोयत्यांनंतर, मधली हानी सोडली तर, पन्नासेक अंशांची वाढ. पहिला आणि विसावा कोयता एकाच पोलादाचे, एकाच हातचे, तरी त्यांच्यावरचं पटल सारखा वेळ टिकणार नाही. पाणी बदलत राहणारा लोहार वेळेचा हिशेब सांभाळत असतो. पाठ्यपुस्तकातला वक्र त्याला यात काहीच सांगू शकत नाही.

हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर अणुभट्टीत उभा राहतो. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ पासूनच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. अशा भट्टीत अपघाताने पाणी गेलं आणि इंधनाच्या कांड्या तापल्या तर वरून-खालून पुन्हा पाणी सोडतात. तापलेल्या कांडीला पाणी लगेच शिवत नाही. ओली सीमा हळूहळू पुढे सरकते. इंधनावरचं झिर्कोनियमचं आवरण फार तापलं तर त्याची वाफेशी अभिक्रिया होते, हायड्रोजन सुटतो आणि आणखी उष्णता बाहेर पडते. अमेरिकेच्या १९७४ च्या नियमांनी आवरणाला १२०४ अंशांची कमाल मर्यादा घातली ती यामुळेच. तापमान त्या मर्यादेकडे चढतंय आणि ओली सीमा सरकतेय, या शर्यतीत 'पटल अमुक अंशांना फुटतं' असा एकच आकडा संगणकात घालणं म्हणजे शर्यतीचा निकाल आधीच लिहून ठेवणं. तो आकडा कुठल्या पृष्ठभागासाठी, किती गार पाण्यासाठी काढला होता, हे विचारायलाच हवं.

मग वक्र फाडून टाकायचा का?

नाही. बॉयलरसाठी, स्थिर चालणाऱ्या यंत्रांसाठी तो लागतोच. पण शिकवताना त्याच्या शेजारी दुसरी एक आकृती काढायला हवी: आडव्या अक्षावर सेकंद, उभ्या अक्षावर तापमान. तिच्यात आधी लांबच लांब सौम्य उतार दिसेल आणि मग एकदम कडा. आणि दरीच्या तळाशी १२० असा एक ठिपका न देता एक रुंद पट्टा दाखवायला हवा, 'पृष्ठभागानुसार, पाण्याच्या तापमानानुसार' असं लिहून.

हे प्रयोगशाळेत करायला महागडी यंत्रं लागत नाहीत. एक पोलादी आणि एक तांब्याचा गोळा, दोन्हींत थर्मोकपल, एक छोटी भट्टी, पाण्याचं भांडं आणि मोबाईलचा कॅमेरा. गोळा पाण्यात गेल्यावर आधी किती वेळ गप्प राहतो आणि मग कधी 'खळ्‌ळ' करून ओरडतो, ते कानांनीही कळतं. एकदा गार पाण्यात, एकदा उकळत्या पाण्यात आणि एकदा गोळ्यावर खवले चढल्यावर. तीन वेळा तीन वेगळी उत्तरं येतील. तुमच्या कॉलेजात असा प्रयोग करून बघितलात तर आकडे मला जरूर कळवा. फक्त गोळ्याचं तापमान नको, सोबत सेकंदही पाठवा.